कारण विचारायचं नाही

टाउनो लाहतेलाने जोडलेला एकही बॉयलर उभ्या आयुष्यात गळला नव्हता. हे तो स्वतः कधी सांगत नसे. सांगायची वेळच येत नसे, कारण गावात कुणालाही विचारलं तरी तेच ऐकायला मिळे. शाळेचा बॉयलर त्याने जोडलेला, दवाखान्याचाही त्यानेच, आणि चर्चच्या तळघरातला बॉयलर तर पाद्र्यापेक्षा म्हातारा आणि पाद्र्यापेक्षा जास्त ऊब देणारा. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर मासे धरावेत, सौनात बसून घाम काढावा, फार तर शेजाऱ्याची लाकडं फोडून द्यावीत, एवढीच लोकांची अपेक्षा. टाउनोने पाणबुडी करायला घेतली.

"कशाला?" असं पहिल्या वर्षी पुष्कळांनी विचारलं. खरं कारण सांगायला टाउनोला संकोच वाटे. बॉयलरमधला दाब आतून बाहेर ढकलतो आणि जन्मभर त्याने तोच अडवला होता. आता एकदा बाहेरून आत ढकलणारा दाब अडवून बघावा, एवढंच त्याच्या मनात होतं. पण कॉफीच्या टेबलावर हे म्हणायचं कसं? म्हणून तो म्हणे, "खाणीत एवढं पाणी साठलंय. वाया कशाला घालवायचं?"

ते मात्र खरं होतं. लोखंडाची खाण बंद झाली तेव्हा पंपही बंद झाले आणि तो अवाढव्य खड्डा गळ्यापर्यंत भरला. पाणी काचेसारखं, बर्फासारखं गार, आणि काठापासून चार पावलांवर एकदम खोल. मिशिगनच्या उत्तर टोकाला वर्षातले सहा महिने ते गोठलेलंच असे. उरलेल्या सहा महिन्यांत त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. टाउनोला होता.

एकट्याने होणारं हे काम नव्हतं. पाणबुडीला पत्रा लागतो तशी वीजही लागते आणि विजेचं टाउनोला वावडं होतं. वीज बघायला विल्हो होता. विल्हो म्हणजे टाउनोच्या बायकोचा, सायमाचा, धाकटा भाऊ. आसपासच्या गावांतल्या ट्रॅक्टरांची आणि ट्रकांची सगळी वायरिंग त्याच्या हाताखालून गेली होती. दोघांनी पहिल्याच दिवशी हद्द आखून घेतली: पत्रा टाउनोचा, तार विल्होची. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. चाळीस वर्षं एकमेकांच्या घरी जेवूनही बोलणं टिकून राहिलं ते अशाच हद्दींमुळे, असं दोघांचंही मत होतं.

तरी हद्दीवर चकमकी झडतच.

"बॅटऱ्या सीटखाली ठेवू," विल्हो म्हणाला. "हाताशी राहतील."

"चार्ज होताना त्यातनं हायड्रोजन सुटतो."

"थोडासा."

"बंद पिंपात मी बसणार आहे. मला थोडासाही नको."

"तू राजमा खाऊन सौनात येऊन बसतोस तेव्हा आम्ही काही बोलतो का?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सायमा ओरडली, "मी बोलते! कोण ऐकतंय?"

शेवटी बॅटऱ्या बाहेर गेल्या. पाणबुडीच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना एकेक लांबट पेटी बसवली आणि तिच्यातून निघालेली जाड केबल पत्र्यातून आत घेतली. केबल जिथून आत जाते तिथे टाउनोने पोलादाचं बूच जोडलं आणि भोवतीने सांधा भरला. त्या सांध्यावर त्याने आख्खा शनिवार घालवला.

बाकी पत्र्यावर किती शनिवार गेले ते सायमालाच ठाऊक. जाड प्लेट गोल वळवून आणली, मग ती खरंच गोल आहे का, हे टाउनो महिनाभर तपासत बसला. लाकडाची अर्धगोल फळी कापून ती तो आतून फिरवत राही आणि जिथे उजेडाची चीर दिसे तिथे खडूने खूण करी. पाणी चारी बाजूंनी सारखंच दाबतं, पत्रा गोल असेल तर तो भार सगळ्या अंगाने वाटून घेतो. एका जागी जरासा चपटा असला की तिथेच चिरडतो, पायाखाली आलेल्या सोड्याच्या डब्यासारखा. म्हणून आतून बरगड्यांसारख्या कड्या, दोन टोकांना घुमट, आणि पुढच्या घुमटात हाताच्या तळव्याएवढ्या जाडीच्या प्लास्टिकची खिडकी.

"माझ्या बहिणीकडे चाळीस वर्षांत इतकं निरखून बघितलं नाहीस," विल्हो म्हणाला.

"ती गोल आहे का हे विचारायची हिंमत तू कर. मग बघू कोण चिरडतं."

असं करता करता चार हिवाळे गेले. पाचव्या वर्षी बर्फ वितळल्यावर लॉवेल आला.

लॉवेल दक्षिणेकडून यायचा. लाकडाचे ओंडके वाहण्याचा त्याचा धंदा, आणि ट्रकवरच ओंडके उचलायची क्रेन. घरगुती पाणबुड्या करणाऱ्यांचं एक मंडळ आहे, त्यात हा जुना. स्वतःच्या पाणबुडीतून तो कैकदा खाली जाऊन वर आला होता, आणि मंडळात हीच एक मोठी पदवी. त्याने टाउनोची पाणबुडी टिचक्या मारत पाहिली, दोनदा मान हलवली आणि मग चौघं काठावर उभे असताना म्हणाला, "आमचा एकच नियम आहे. डुबकीच्या आधी मी विचारणार, कुणाचा हात? ज्याच्या मनात काही असेल त्याने हात वर करायचा. एक हात वर झाला की त्या दिवशी डुबकी नाही. आणि कारण विचारायचं नाही."

"का नाही विचारायचं?" सायमाने विचारलं.

"कारण विचारलं की माणूस लाजतो. एकदा लाजला की पुढच्या वेळी हात वर करत नाही. आणि मग एखाद दिवशी आपण सगळे काळे कपडे घालून चर्चमध्ये बसतो."

हे सगळ्यांना पटलं. टाउनोला तर फारच. कारण न विचारण्याची पद्धत त्याला जगात सगळीकडे चालली असती.

पहिली चाचणी बिनमाणसाची. सीटवर टाउनोच्या वजनाची वाळूची पोती ठेवली. वरच्या पोत्यावर विल्होने काळ्या पेनने डोळे आणि चष्मा काढला. तळाशी स्वयंपाकघरातले कागदी रुमाल पसरले, कारण पाण्याचा एक थेंब आला तरी कागद सांगतो. झाकण बंद करून लॉवेलच्या क्रेनने पाणबुडी खाली सोडली, माणूस जाणार त्याच्या दुप्पट खोल. काठावर तिघांनी कॉफी घेतली. टाउनोने कप हातातही धरला नाही.

"बघ," पाण्यात गेलेल्या केबलकडे बोट दाखवत विल्हो म्हणाला, "टाउनो पहिल्यांदाच इतका वेळ कुरकुर न करता बसलाय."

पाणबुडी वर आली. झाकण उघडलं. कागद सुके होते. टाउनोने एकेक उचलून गालाला लावून पाहिला, मग घडी घालून खिशात ठेवले. त्या रात्री सौनातून तो लवकर बाहेर आलाच नाही.

त्यानंतर काही आठवडे पाणबुडी खाणीच्या धक्क्याला बांधून ठेवली. विल्होला मोटरी चालवून बघायच्या होत्या. मासेमारीच्या होडीला लावतात तशा छोट्या मोटरी त्याने दोन्ही बाजूंना लावल्या होत्या आणि त्या कशा वळतात, बॅटरी किती टिकते, हे तो झाकणात छातीपर्यंत उभा राहून वरच्या वर बघत असे. लॉवेल आपल्या गावी गेला. माणसाची पहिली डुबकी ऑगस्टमध्ये ठरली.

डुबकीच्या आदल्या दिवशी टाउनो फडकं घेऊन धक्क्यावर गेला. पुसायची काही गरज नव्हती, पण पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस दरवाजाची कडी पुसतोच. पोटाशी, पाण्याच्या रेषेखाली जेमतेम हातभर, केबल आत जाते त्या बुचाजवळ, पिवळ्या रंगाला एक फुगा आला होता. त्याने तो अंगठ्याने दाबला. फुगा फुटला आणि खालून गंजाचं पाणी आलं. त्याने नखाने रंग खरवडला. सांध्यावर सुईने टोचावं तशी भोकं होती. एक, दोन, मग ओळीने कितीतरी.

असली भोकं त्याने बघितलेली होती. नवशिक्यांच्या कामात. वेल्डिंगची कांडी ओली असली, हात हलला, ठिणगीची कमान लांबली, की वितळल्या लोखंडात हवा अडकते आणि सांध्याला देवीचे व्रण उमटतात. असला सांधा दिसला की तो उमेदवारांना एका शब्दाने न रागावता ग्राइंडर हातात द्यायचा आणि निघून जायचा. त्याहून मोठी शिक्षा नव्हती.

टाउनो धक्क्यावर बसला.

गेल्या हिवाळ्यापासून त्याचा उजवा हात कॉफी ओतताना थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, वय झालं. सायमाला त्याने सांगितलं होतं की पोटाला बरं नाही म्हणून कप अर्धाच भरतो. वेल्डिंग करताना थरथर होत नाही, अशी त्याची खात्री होती. पण खात्री म्हणजे काय? तोंडावर काळा मुखवटा, समोर आगीचा ठिपका, त्यात आपला हात आपल्याला दिसतो कुठे? हा सांधा शेवटच्या हिवाळ्यातला. मग त्याच हिवाळ्यातले बाकीचे? मागचा घुमट? आतल्या कड्या?

चाचणीत कागद सुके राहिले हे त्याला आठवलं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. एकदा टिकलं म्हणजे दहादा टिकेल असं बॉयलरच्या धंद्यात कुणी म्हणत नाही.

पाणबुडीत जायची त्याला भीती वाटली असती तर बरं झालं असतं. ती भीती नव्हती. आपला हात गेला, आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही, हे त्याच्या छातीत दगडासारखं बसलं. त्याने चिखलाने भोकांवर पुसट लेप दिला, जसं लहान मूल फुटलेल्या बरणीवर पडदा ओढतं, आणि घरी आला. मनाशी ठरवलं: उद्या हात वर करायचा. मग हिवाळ्यात सगळं कापून भंगारात द्यायचं. कारण कुणी विचारणार नाही. देव लॉवेलच्या मंडळाचं भलं करो.

सकाळ सुरेख उजाडली. डाससुद्धा कमी होते. लॉवेलने क्रेन काठाशी लावली, टेलिफोनची तार तपासली. सायमा गरम पास्टींची, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांची, पाटी फडक्यात गुंडाळून घेऊन आली. विल्हो नेहमीपेक्षा गप्प होता, पण ते टाउनोच्या लक्षात आलं नाही, कारण तो स्वतः नेहमीपेक्षा गप्प होता.

लॉवेल टोपी सारखी करून म्हणाला, "चला तर. कुणाचा हात?"

टाउनोने हात वर केला. जड गेलं. वर करून त्याने समोर पाहिलं तर विल्होचाही हात वर होता.

लॉवेलने एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. तोंड उघडलं आणि मिटलं. "बरं," तो म्हणाला. "आज नाही." आणि वळून क्रेनची साखळी गुंडाळायला लागला.

नियम चोख पाळला गेला. कुणीही काही विचारलं नाही. लॉवेल साखळी गुंडाळत राहिला, विल्हो पाण्याकडे बघत राहिला, टाउनो विल्होकडे. टाउनोच्या मनात आलं, याने भोकं बघितली. काल मी गेल्यावर आला असेल, बघितली असतील, आणि माझी अब्रू राहावी म्हणून आधीच हात वर केला. आयुष्यभर टोमणे मारणारा माणूस अशा वेळी गप्प बसतो, तेव्हा समजावं की आपलं खरंच संपलं.

सायमाने पाटी ट्रकच्या मागच्या फळीवर ठेवली. "पास्टी गार होताहेत."

चौघं फळीवर ओळीने बसून खायला लागले. इतक्या शांततेत पास्टी खाल्ली की कवच मोडल्याचा आवाजसुद्धा येतो.

"काय झालं?" सायमाने विचारलं.

"विचारायचं नसतं," लॉवेल म्हणाला.

"तुम्ही विचारायचं नसतं. मी काही तुमच्या मंडळात नाही. मी पास्टी घेऊन आलेली बाई आहे." ती नवऱ्याकडे वळली. "चार वर्षं माझ्या अंगणात तो डबा पडला होता. माझे गुलाब त्याच्याखाली मेले. मी विचारणार. टाउनो, हात का वर केलास?"

"सायमा, जाऊ दे."

"जाऊ देत नाही. विल्हो, तू?"

विल्होने पास्टी खाली ठेवली. "आधी त्याला सांगू दे."

"मी का आधी?"

"तू मोठा."

"हात तू आधी वर केलास."

"लहानपणी विल्होचं भांडण मी असंच मध्ये बसून सोडवायचे," सायमा लॉवेलला म्हणाली, "तेव्हा निदान दोघांपैकी एक कुत्रा असायचा."

टाउनोने तोंडातला घास गिळला. बोलला तेव्हा तो पास्टीकडेच बघत होता. "माझा हात गेला," तो म्हणाला. "सांध्यात भोकं पडलीत. बुचाजवळ. विल्होने बघितलीच आहेत."

"कसली भोकं?" विल्हो म्हणाला.

"तू... म्हणजे तू बघितली नाहीस?"

"मी कशाला पत्र्याकडे बघू? पत्रा तुझा. मी हात वर केला कारण बॅटरी उतरते आहे." आता विल्होला थांबवणं शक्य नव्हतं. "सगळं बंद करून घरी जातो, सकाळी येतो तर बॅटरी उतरलेली. तीन आठवडे शोधतोय. एकही दिवा चालू नाही, एकही मोटर नाही, आणि वीज जातेय कुठे? एवढे ट्रॅक्टर केले, असं कधी झालं नाही. म्हटलं, डोकं गेलं आता. मला वाटलं तुला ते कळलंय आणि तू माझ्यासाठी हात वर केलास."

"मी तुझ्यासाठी कशाला हात वर करीन?"

"मला पण तेच वाटलं. म्हटलं, मरायला टेकला की काय हा?"

लॉवेलने चावायचं थांबवलं होतं. तो उठला, धक्क्यावर पालथा झोपला आणि अर्धं अंग पाण्यावर काढून पाणबुडीच्या पोटाशी हात घातला. "टाउनो, इकडे ये. भोकं दाखव."

टाउनोने दाखवली. दाखवताना त्याला आपण कपडे काढून उभे आहोत असं वाटलं.

लॉवेलने खिशातून चाकू काढला, पण सांध्याला हात लावला नाही. हातभर अंतरावर रंगाला आणखी एक फुगा होता, टाउनोच्या नजरेतून सुटलेला. तो त्याने खरवडला. खाली तशीच भोकं.

"इथे काय जोडलंयस?"

"इथे?" टाउनोने बघितलं. मग डोळे पुसून पुन्हा बघितलं. "इथे काही नाही. ही सलग प्लेट आहे. इथे मी कांडी लावलेलीच नाही."

"बरं." लॉवेल उठून बसला. "विल्हो, बॉडीला काय लावलंयस?"

"म्हणजे?"

"बॉडी अर्थ. बॅटरीची कुठली तार पत्र्याला लावलीस?"

"पॉझिटिव्ह. अजून कुठली?"

"पॉझिटिव्ह?"

"जुन्या ट्रॅक्टरांना तीच असते," विल्हो आश्चर्याने म्हणाला. "मी त्यांच्यावरच शिकलो. नव्या गाड्यांना उलटी लावतात, ते मला कधी पटलं नाही. बॉडीला एक तार लावली की अर्धी वायर वाचते. सगळे असंच करतात."

"जमिनीवर करतात," लॉवेल म्हणाला. "पाणबुडीत बॉडीला काहीच लावायचं नसतं. ना ही, ना ती. एक तार जायची, एक तार यायची, आणि पत्र्याला कुणी शिवायचं नाही." तो पुन्हा पालथा झाला आणि बॅटरीच्या पेटीचा प्लग ओढून काढला. आतून पाणी गळलं. एका पिनेवर पांढरा थर बसला होता. "हे बघ. तुझ्या प्लगमध्ये पाणी शिरलंय. एक तार इथे पाण्यात उघडी, दुसरी अख्ख्या पत्र्याला. मध्ये खाणीचं पाणी. दिवसरात्र पत्र्यातून वीज निघून पाण्यातून या पिनेकडे येत होती, आणि येताना लोखंडाचा कण कण सोबत नेत होती. जिथे रंग पातळ तिथून. सांध्यावर रंग नेहमीच पातळ बसतो."

धक्क्याखाली पाणी चुळुक चुळुक करत होतं.

"म्हणजे माझा सांधा..." टाउनो म्हणाला.

"तुझ्या सांध्याला काही झालेलं नव्हतं. तुझा मेव्हणा तुझी पाणबुडी खात होता."

"लहानपणी हा भिंतीचा चुनाही खायचा," सायमा म्हणाली.

विल्होने टोपी काढली. त्याचं टक्कल लाल झालं होतं. टाउनोला त्याच्यावर संतापायचा हक्क होता, आणि तो संताप कुठून तरी येईल म्हणून टाउनो थोडा वेळ वाट बघत राहिला. आला नाही. छातीवरचा दगड हलला होता आणि त्या जागी इतकी हवा शिरत होती की संतापाला जागाच नव्हती. त्याने ट्रकजवळ जाऊन विल्होची अर्धी राहिलेली पास्टी उचलली आणि खाऊन टाकली.

"ती माझी होती," विल्हो म्हणाला.

"पाणबुडी माझी होती."

पाणबुडी उचलून पुन्हा शेडमध्ये आणली. विल्होने सगळी वायरिंग उपटून काढली, प्रत्येक दिव्याला आणि मोटरीला दोन-दोन तारा घातल्या, आणि एक छोटा लाल दिवा असा बसवला की कुठलीही तार पत्र्याला नुसती शिवली तरी तो लागावा. हद्दीचा करारही मोडला. आता विल्हो पत्र्यावरून हात फिरवी आणि टाउनो न समजणाऱ्या तारांकडे भुवया आवळून बघे. दोघांनाही त्यात फार मजा येत होती.

राहिली भोकं. ती घासून काढायची आणि पुन्हा भरायची. लॉवेलने फोनवर सुचवलं की बंदरावर एक तरुण वेल्डर आहे, चांगला आहे, बोलावतो. सूचना भल्या मनाने केलेली होती. टाउनोने फोन ठेवला आणि शेडच्या दारात बराच वेळ उभा राहिला. आधीचे सांधे निर्दोष होते, हे खरं. पण ते तेव्हाचे. हात कॉफी ओतताना आजही थरथरत होता, आणि त्याला कुठल्याही प्लगमध्ये शिरलेलं पाणी कारण नव्हतं.

त्याने त्याच जाडीचे दोन तुकडे घेतले आणि आधी ते जोडले. मुखवटा खाली, कांडी पुढे. या वेळी त्याने मुद्दाम हाताकडे लक्ष दिलं. हात थरथरत होता. ठिणगी पडली तरी थांबला नाही. टाउनोने कांडी उचलली, स्टूल जवळ ओढलं, कोपर बाकावर टेकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट खालून धरलं, आणि पूर्वीच्या निम्म्या वेगाने पुन्हा सुरुवात केली. जोडलेली पट्टी थंड झाल्यावर त्याने ती करवतीने मधोमध कापली, चिमट्यात धरून हातोड्याने वाकवली. वाकली. चिरली नाही. कापलेल्या तोंडावर एकही बुडबुडा नव्हता.

"नागमोडी झालाय," मागून विल्हो म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक.

"गळणार नाही."

"गळणार नाही, पण तुझे सांधे कसे शिवणयंत्रावर घातल्यासारखे असायचे. हा म्हणजे सापाने शिवल्यासारखा."

"पाण्याला नक्षी कळत नाही," टाउनो म्हणाला. "दिवा धर. आणि माझ्या कोपराखाली काहीतरी मऊ दे."

विल्होने आपली टोपी घडी करून कोपराखाली दिली आणि दिवा धरून उभा राहिला. पाणबुडीच्या पोटाखाली उताणा पडून टाउनोने भोकं भरली. दोन दिवस लागले. पूर्वी एका दुपारचं काम. मधूनमधून विल्हो विचारी, "बरा आहेस ना?" आणि टाउनो म्हणे, "दिवा हलतोय. हात तुझा थरथरतोय."

सप्टेंबरच्या पहिल्या थंडीत लॉवेल पुन्हा आला. वाळूची पोती पुन्हा खाली जाऊन वर आली. कागद सुके. मग सीटवरची पोती काढली आणि टाउनो बसला. सायमाने त्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला, कारण तिच्या मते पाणबुडीत वारा लागतो.

"कुणाचा हात?" लॉवेलने विचारलं.

सायमाने हात वर केला.

तिघंही चमकले. "तू मंडळात नाहीस," विल्हो म्हणाला.

"मी माशी मारतेय," ती म्हणाली. "जा आता. चारच्या आत वर या, बटाटे चुलीवर आहेत."

झाकण बंद झालं. हिरवा उजेड खिडकीतून वर चढत गेला आणि मग डोक्यावरही हिरवाच राहिला. दहा फुटांवर लॉवेलने थांबवलं. ठीक. वीस फुटांवर पत्र्याने एकदा टिक केलं. गार पाण्यात गरम पोलाद अंग चोरून घेतं तेव्हा असा आवाज येतो, हे टाउनोला बॉयलरमुळे ठाऊक होतं. तीस फूट. फोनमध्ये विल्होचा श्वास ऐकू येत होता.

टाउनोने हातातला दिवा बुचाजवळच्या सांध्यावर धरला. आतल्या बाजूने, केबलच्या खाली, एक थेंब होता.

त्याने तो अंगठ्याने पुसला आणि वाट बघितली. त्या जागी पुन्हा थेंब आला नाही. पण शेजारी आला, मग कडीवर, मग सगळ्या पत्र्यावर बारीक बारीक दव धरलं. त्याचाच श्वास होता तो. थंड पत्र्यावर जमलेला. लाल दिवा विझलेला. टाउनो हसला, आणि हसल्यामुळे आणखी दव जमलं.

"काय दिसतंय?" फोनमधून विल्हो ओरडला. "मासे आहेत? जुने रूळ दिसताहेत का?"

"गळत नाही," टाउनो म्हणाला.

"काय गळत नाही?"

"सांधा."

"अरे बाबा, तू खाली जाऊन सांधा बघतोयस? तळव्याएवढी जाड खिडकी कशाला बसवली मग? बाहेर बघ!"

"बघतो," टाउनो म्हणाला आणि दिवा जरा सरकवून मागच्या घुमटाच्या जोडाकडे नेला. तोही गळत नव्हता. मग कड्या, एकामागून एक.

फोन कुणीतरी हिसकावून घेतल्याचा आवाज आला. "टाउनो," सायमा म्हणाली, "पत्राच बघायचा होता तर तो चार वर्षं माझ्या अंगणात दिसत होता."

"इथून जास्त छान दिसतोय," टाउनो म्हणाला. "बटाटे उतरवून ठेव. मी अजून थोडा वेळ बसतो."